टोपी नंबर सात आणि पॅरानॉइडची आठ गाणी : प्रकल्प नोंदी

२२ मे २०२५, गुरुवार

भोसरीत गुरुवारची सुट्टी असते त्यामुळे नोंदी बहुतेक गुरुवारच्याच असतील, मधे काही घडलं तर तेव्हाची.

काम काय ते आधी लिहून ठेवतो म्हणजे नंतर फाटे फुटायला नकोत. ब्लॅक सॅबथ या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा दुसरा अल्बम, पॅरानॉइड. आठच्या आठ गाणी, रेकॉर्डवर आहेत त्याच क्रमाने, एका बैठकीत वाजवायची आणि रेकॉर्ड करायची. तारीख १८ सप्टेंबर. १९७० साली त्याच तारखेला इंग्लंडमध्ये हा अल्बम बाहेर आला, आणि कॅलेंडर काढून बघितलं तर यंदा तो नेमका गुरुवार निघाला, म्हणजे रजा मागायची भानगडच नाही.

माणसं चार. बास माझ्याकडे, गायला चुलतभाऊ, ड्रमवर एक पोरगा आहे जो वर्षातले दोन महिने ढोल पथकात असतो (हे दोन महिने पुढे नडणार आहेत, लिहून ठेवा). आणि गिटारवर दादा.

दादा म्हणजे सख्खा नाही, कंपनीतला. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी टूलरूमला (डाय बनवतात तिथे) आणि तो प्रेस शॉपला होता. होता म्हणजे दोन वर्षांपूर्वी पॉवर प्रेसमध्ये डाव्या हाताचं अनामिकेचं टोक नखासकट गेलं आणि मधल्या बोटाचं अर्धं. दोन्ही हातांची बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय असते, ती कशी बंद पाडतात हे या लाईनमधल्या माणसाला सांगायला नको, एका बटणात काडी खोचलेली असते. आता तो स्टोअरला आहे. गिटार तेव्हापासून माळ्यावर.

मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर मी त्याला सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी याची गोष्ट सांगितली. त्याला सॅबथ आवडायचं पण हे माहीतच नव्हतं! बर्मिंगहॅम, वय १७, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डर. नोकरीचा शेवटचा दिवस, कारण बँडबरोबर युरोपला जायचं होतं. प्रेसवरचा माणूस आला नाही म्हणून याला तिथे उभं केलं. दुपारी घरी जेवायला गेला तेव्हा आईला म्हणाला आता परत जात नाही, आई म्हणाली असं अर्धवट सोडू नये, जा आणि दिवस पुरा कर. गेला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं प्रेसमध्ये गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचाच हात.

दादा बराच वेळ चहा ढवळत बसला. मग म्हणाला, "आया सगळीकडे सारख्याच रे." आणि मग, "तीच दोन बोटं?" मी म्हटलं तीच दोन बोटं. "मग त्यानं केलं काय?"

तिथून हे सगळं सुरू झालं.

२९ मे, गुरुवार

पावसाने यंदा घोळ घातलाय, मे महिन्यातच मान्सून पुण्यात येऊन बसला. आम्ही चऱ्होलीजवळ एका ओळखीच्या माणसाचं पत्र्याचं शेड घेतलंय प्रॅक्टिसला आणि आज वर पाऊस असा वाजत होता की ड्रमरची गरजच नव्हती.

टोपी म्हणजे आयोमीसारखी, तुटक्या बोटावर चढवायची, तार दाबता यावी म्हणून. टोपी नंबर एक : शिंप्याचं अंगुस्तान. वहिनी, म्हणजे दादाची बायको, ब्लाऊज शिवतात त्यांचंच घेतलं. मधल्या बोटावर बसलं पण. स्टीलवर स्टीलची तार म्हणजे नुसता किर्र आवाज, आणि तार दाबली जाण्याऐवजी बोटच घसरतंय. अर्ध्या तासात बाद. वहिनींना परत.

दादाने माळ्यावरून काढलेल्या गिटारवर दहाच्या तारा होत्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार १० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). त्या काढून आठचा सेट टाकला. हे आयोमीकडूनच घेतलंय. त्याला जाड तारा दुखायच्या, पण तेव्हा इंग्लंडमध्ये गिटारला हलके सेट मिळतच नव्हते, मग त्याने वरच्या तारांच्या जागी बँजोच्या तारा लावल्या आणि बाकीच्या एक एक घर सरकवल्या. आपल्याला दुकानात जाऊन आठचा सेट द्या म्हटलं की मिळतो, पन्नास पंचावन्न वर्षांत एवढा फरक.

५ जून, गुरुवार

टोपी नंबर दोन, म्हणजे अस्सल आयोमी पद्धत. त्याने भांडी घासायच्या लिक्विडची बाटली वितळवून गोळा केला, तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने त्याला बोटाएवढं भोक पाडलं आणि मग घासून घासून आकार दिला. मी पण तेच करायचं ठरवलं, तेही घरच्या गॅसवर, जुन्या पळीत. प्लास्टिक नीट वितळतं पण एकसारखं वितळत नाही, एका बाजूला पाणी होतं आणि दुसऱ्या बाजूला बाटलीचं झाकण तसंच तरंगतंय. घरात जो वास पसरला त्यावर बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही. पळी पण गेली.

टोपी झाली मात्र. वेडीवाकडी, बटाटेवड्यासारखी, पण झाली. दादाने घालून ई कॉर्ड दाबला आणि सूर आला. दोन वर्षांनी पहिल्यांदा. तो काही बोलला नाही, पुन्हा दाबला, मग म्हणाला "जड आहे."

जड आहेच. बोटाच्या टोकाला दोन ग्रॅम सुद्धा जास्त होतात.

१२ जून, गुरुवार

टोपी नंबर तीन. म्हटलं आपण टूलरूमवाले, बाटल्या काय वितळवत बसलोय. डेलरिनच्या (कडक, गुळगुळीत प्लास्टिक) रॉडचे तुकडे स्क्रॅपला पडलेले असतात, साहेबांना विचारून दोन घेतले आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी शिफ्ट संपल्यावर लेथवर बसलो.

माप घेताना आधी चूक केली, व्हर्नियरने बोट मोजलं आणि सरळ बोअर मारला. बोट काय गोल रॉड नाही. टोकाला निमुळतं, सांध्याजवळ जाड, आणि दादाच्या अनामिकेवर तर टाक्यांमुळे एका बाजूला गाठ आहे. मग एम-सील मळून, बोटाला तेल लावून ठसा घेतला. त्याच्यावरून आतून टेपर दिला, सांध्याकडे १५ एमएम, टोकाला १३.

दुसरी चूक चकमध्ये, म्हणजे लेथवर काम पकडतो त्या भागात. भिंत ०.८ एमएम ठेवली होती, तीन जॉच्या चकने आवळली की काम गोल दिसतं आणि चकमधून काढलं की लंबगोल. डाय बनवणाऱ्या माणसाने ही चूक करावी म्हणजे काय, पोरं हसली. मग आतून बसणारा छोटा मँड्रेल केला आणि त्याच्यावर चढवून बाहेरून फिनिश मारलं. पांढरी शुभ्र टोपी, वजन नाहीच.

आणि वाजवायला निरुपयोगी! तार तिच्यावरून साबणासारखी घसरते, प्रत्येक वेळी टक् असा आवाज येतो तो वेगळाच.

१९ जून, गुरुवार

आज तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामाला, रस्ते बंद, दादा चऱ्होलीला पोचलाच नाही. आम्ही तिघांनी नुसतं वॉर पिग्जचं सुरुवातीचं काम केलं.

ड्रमरशी भांडण. पोरगा ताकदीचा आहे पण ढोल पथकातला, प्रत्येक ठोका खांबासारखा सरळ. सॅबथचा ड्रमर बिल वॉर्ड तसा वाजवतच नाही. तो जीन क्रुपा, बडी रिच अशा जॅझवाल्यांना ऐकत वाढलेला, त्याच्या हातात झोका आहे. वॉर पिग्जची ती संथ सुरुवात, मागे हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतोय, ती तीनतीनच्या वजनात हेलकावे खात जाते आणि मग गाणं सुरू झालं की सगळे थांबतात आणि फक्त हायहॅट (ड्रमसेटमधली झांजांची जोडी) टिकटिकत राहतो. लोकांना वाटतं हेवी म्हणजे जोरात. या गाण्यात सगळ्यात हेवी काय असेल तर ती शांतता.

परत जाताना त्याला म्हटलं चल आकुर्डीला, दिंडीतला पखवाज ऐक, तो माणूस चालता चालता वाजवतोय, त्याला सरळ वाजवून परवडणारच नाही. गेलो. ऐकलं. पिठलं भाकरी खाल्ली. फरक पडला का ते पुढच्या गुरुवारी कळेल.

२६ जून, गुरुवार

फरक पडला नाही. पण त्याने आता मोबाईलवर बिल वॉर्ड ऐकायला सुरुवात केलीय, हे नसे थोडके.

टोपी नंबर चार, ओळखीच्या एका पोराकडून थ्रीडी प्रिंट करून आणली, रबरासारख्या मऊ मटेरियलची. घसरत नाही हे खरं, पण प्रिंटचे थर कानशीसारखे आहेत, स्लाईड केलं की आठ थाऊची तार त्यात अडकते. एक तार तुटली. बाद.

म्हणजे शेवटी आयोमीचंच खरं. वरून चामडं लावायलाच लागतं. त्याने स्वतःच्या जुन्या लेदर जॅकेटचा तुकडा कापून प्लास्टिकवर चिकटवला होता. भोसरीत लेदर जॅकेट घालणारा माणूस शोधायचा कुठून.

३ जुलै, गुरुवार

टोपी नंबर पाच : डेलरिन आणि वरून वेल्डिंगच्या हातमोज्याचं कातडं. माझी आयडिया होती, आयोमी वेल्डर होता म्हणून मला फार भारी वाटली होती. कातडं दोन एमएमच्या आसपास जाड, बोट उशीत घातल्यासारखं झालं, दादा एका तारेवर दाबतोय आणि दोन वाजतायत.

दुसरी अडचण मला आधी लक्षातच आली नव्हती. दादाला त्या बोटांना काही कळत नाही. आपण तार दाबतो तेव्हा किती दाबली हे बोट सांगतं, त्याला टोपीखाली कोणी सांगत नाही. म्हणून तो लेथचं हँडल आवळल्यासारखा दाबतो, आणि आठची तार एवढी हलकी की जास्त दाबली की सूर चढतो. तो शिव्या गिटारला देतोय आणि गिटार बरोबर आहे! उपाय म्हणून ट्यूनर समोर ठेवला आणि त्याला अर्धा तास एकच सूर दाबायला लावला, काटा मधे येईपर्यंत सैल सोडत जायचं. डोळ्यांनी वाजवायचं थोडे दिवस. आणि नेकचा नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) थोडा घासून तारा खाली घेतल्या.

आयोमीच्या बाबतीत एक राहिलंच सांगायचं. बोटं गेल्यावर त्याने गिटार सोडलीच होती, तर कारखान्याचा फोरमन घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. गिटारवाला जँगो राइनहार्ट याची. आयोमीला ऐकायची पण इच्छा नव्हती. ऐकून झाल्यावर फोरमनने सांगितलं, हा माणूस दोन बोटांवर वाजवतोय, आगीत त्याची बाकीची दोन निकामी झालीत. दादाला हे सांगितलं तर म्हणाला "आमच्या फोरमनने मला फॉर्म आणून दिला होता." विनोद म्हणून बोलला, हसलो पण आम्ही.

६ जुलै, रविवार

काल रात्री बर्मिंगहॅमला व्हिला पार्कवर सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला. मूळचे चौघं, गायला ऑझी, गिटारवर टोनी, बासवर गीझर, ड्रमवर बिल. ज्या अ‍ॅस्टनच्या गल्ल्यांमधून आले त्याच भागातलं फुटबॉलचं मैदान. आज एकादशी, साबुदाण्याची खिचडी खात खात दादाच्या घरी क्लिपा बघितल्या. ऑझीला उभं राहता येत नाही, काळ्या सिंहासनात बसून गायला. चार गाणी वाजवली : वॉर पिग्ज, एन.आय.बी., आयर्न मॅन, पॅरानॉइड. चारातली तीन आमच्या अल्बममधली. ५५ वर्षांनी पण शेवटाला हीच काढावी लागतात म्हणजे बघा.

दादा ऑझीकडे बघतच नव्हता. स्क्रीन थांबवून थांबवून आयोमीच्या उजव्या हाताकडे बघत होता. "बघ, बेंडिंगला, तार ताणून सूर चढवताना, तो टोपीचं बोट कमी वापरतो, पहिलं आणि करंगळी." वहिनी म्हणाल्या अहो खिचडी गार होतेय.

१० जुलै, गुरुवार

टोपी नंबर सहा. ही चालली.

श्रेय माझं नाही. दापोडीला स्टेशनजवळ एक काका बसतात चपला शिवायला, त्यांच्याकडे वेल्डिंगचा तो हातमोजा घेऊन गेलो आणि म्हटलं हे पातळ करून द्या. त्यांनी मोजा हातात घेऊन दोन्हीकडून बघितला आणि बाजूला ठेवला. "हे नाही चालणार, कशाला पाहिजे ते सांगा." सांगितलं. दादाचा हात बघितला, स्वतःच्या बोटाने त्याचं बोट दाबून बघितलं, कुठे दुखतं विचारलं. मग पेटीतून बुटाच्या आतल्या अस्तराचं कातडं काढलं, कागदापेक्षा थोडं जाड असेल. रापी दगडावर दोनदा घासली आणि कडा अशा तासल्या की शेवटी कातडं संपतं कुठे तेच कळेना. कापताना तिरपं कापलं, म्हणाले उभं कापलं तर ताणून सैल होईल. सोल्यूशन दोन्हीकडे लावून पाच मिनिटं सुकू दिलं, मग चढवलं, आणि रापीच्या मुठीने घोटत बसले. गुळगुळीत बाजू आत, खडबडीत बाहेर. मी टूलरूममध्ये सहा आठवडे जे करू शकलो नाही ते त्या माणसाने वीस मिनिटांत केलं. पैसे तीस रुपये म्हणाले, दादाने शंभर दिले, ते सत्तर परत करायला लागले, त्यावरून दहा मिनिटं गेली.

शेडवर जाऊन पॅरानॉइडचं सुरुवातीचं, बाराव्या फ्रेटवरचं. पहिल्यांदा खडबडीत होतं म्हणून थोडं अडकलं, वाजवत वाजवत कातडं चकचकीत झालं की बरोबर झालं.

हे गाणं म्हणजे खरं तर भरती. अल्बम तयार होता, तीनेक मिनिटं कमी पडत होती, निर्माता रॉजर बेन म्हणाला अजून एक द्या. बाकीचे जेवायला बाहेर गेले तोवर आयोमीने ती रिफ (गाणंभर फिरत राहणारी गिटारची ओळ) काढली, गीझरने घाईघाईत शब्द लिहिले आणि ऑझीने वाचून वाचून गायले. गाण्यात पॅरानॉइड हा शब्दच नाही. आणि ते सिंगल इंग्लंडमध्ये चार नंबरला गेलं, त्याच्या जोरावर अल्बमचं नावच बदललं. आधी नाव वॉर पिग्ज ठरलेलं, कव्हरचं चित्र पण त्याच हिशोबाने, ढाल तलवार घेऊन झाडीतून धावत येणारा माणूस. नाव बदललं, चित्र तसंच राहिलं. आमच्याकडे पण असं होतं, ड्रॉईंग बदलतं आणि पार्टवर जुनाच नंबर.

१७ जुलै, गुरुवार

ड्रमर गायब. पथकाचा सराव सुरू झाला. सांगितलं होतं ना.

ड्रमशिवाय हँड ऑफ डूम घेतलं कारण त्याची सुरुवात बासवर आहे आणि मला कोणाची गरज नाही. माझं अख्ख्या अल्बममधलं सगळ्यात आवडतं. बास हळू आवाजात तीच तीच ओळ फिरवत राहतो आणि मग एकदम सगळे तुटून पडतात. सॅबथ अमेरिकन सैनिकांच्या तळांवर वाजवायचे, तिथे व्हिएतनामहून आलेली पोरं हेरॉइनच्या नादाला लागलेली बघितली, त्याच्यावर गीझरने हे लिहिलं. हे सगळे वीस ते बावीस वर्षांचे, त्या वयात आमच्या ग्रुपमध्ये कोण काय लिहीत होतं ते न विचारलेलं बरं.

चुलतभावाशी वाद. त्याचं म्हणणं सॅबथ म्हणजे तारा उतरवलेल्याच असणार, आपण पण सी शार्पला जाऊ. मी म्हटलं ते तिसऱ्या अल्बमपासून, १९७१ च्या मास्टर ऑफ रिॲलिटीपासून, तिथे त्यांनी दीड स्वर खाली घेतले. पहिले दोन अल्बम सरळ ई मध्ये. पैज लागली, रेकॉर्डबरोबर ट्यूनर लावला, मिसळ त्याच्याकडून. खरी गोष्ट अशी की त्याला वॉर पिग्ज वर जात नाही म्हणून हा सगळा अभ्यास चाललाय.

२३ जुलै, बुधवार

ऑझी गेला. काल. सकाळी फर्स्ट शिफ्टला बसमध्ये असताना ग्रुपवर बघितलं. शेवटचा कार्यक्रम होऊन अडीच आठवडे पण झाले नाहीत.

गाण्याआधी तो कत्तलखान्यात कामाला होता, त्याच्याआधी गाडीच्या हॉर्नच्या कारखान्यात, दिवसभर हॉर्न वाजवून बरोबर लागलाय का बघायचं. नाशिक रोडच्या ट्रॅफिकमध्ये बस उभी आणि चारी बाजूंनी हॉर्न, मी तेच आठवत बसलो होतो.

दादाने दुपारी डब्याच्या वेळी फक्त विचारलं, गुरुवारी आहे ना प्रॅक्टिस.

२४ जुलै, गुरुवार

होती. ड्रमर पण आला, पथकाला दांडी मारून. फेअरीज वेअर बूट्स तीनदा. नीट झालं नाही, पण कोणी थांबवलं नाही.

३१ जुलै, गुरुवार

चुलतभावापुढे हार. अर्धा स्वर खाली, ई फ्लॅटला आलो, नाहीतर त्याचा घसा सप्टेंबरपर्यंत टिकत नाही. पण आठच्या तारा ई फ्लॅटला म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी. दादाला नऊच्या घ्यायला लागल्या. बोट दुखतं म्हणाला, पण सूर पण कमी चढतो म्हणाला. ठेवल्या.

आवाजाचं पण एक सांगतो. मी सवयीने ॲम्पचा गेन (आवाज फाटवायचं बटण) फुल ठेवला होता, मेटल आहे ना. आणि रेकॉर्डबरोबर लावून बघितलं तर आमचं सगळं चिखल. आयोमीची गिब्सन एसजी गिटार, लेनीचा ॲम्प (ती कंपनी पण बर्मिंगहॅमचीच) आणि मधे एक ट्रेबल बूस्टर, म्हणजे आवाजातला वरचा भाग आधीच पुढे ढकलून मग ॲम्पला कष्ट द्यायचे. गेन अर्ध्यावर आणला. आता निम्मा जाडपणा माझ्या बासने द्यायचाय कारण गीझर रिफच्याच मागे मागे चालतो. माझं काम वाढलं.

आयर्न मॅनची ती सुरुवातीची घरघर आज जमली. नटच्या मागे, ट्यूनिंगच्या खुंट्या आणि नट यांच्या मधे जाड तार दाबायची, त्याने सूर वर जातो आणि सोडला की खाली येतो. त्यासाठी दादा टोपीचं बोट वापरतच नाही, पहिलं बोट वापरतो.

१४ ऑगस्ट, गुरुवार

प्लॅनेट कॅरव्हॅन. मधला आठवडा फालतू गेला, लिहिण्यासारखं नाही.

या गाण्यात ऑझीचा आवाज लेस्ली स्पीकरमधून काढलाय. ऑर्गनसाठीचा स्पीकर, त्याच्या आत कर्णा फिरतो, त्यामुळे आवाज तुमच्याकडे येतो आणि लांब जातो, ॲम्ब्युलन्स जवळून गेली की सूर बदलतो ना तसा. सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर मिळतं. पण टूलरूमवाल्याला क्लिकमध्ये काय मजा. जुन्या टेबल फॅनची मोटर, तिच्यावर पीव्हीसीचा एल्बो आणि खाली सहा इंची स्पीकर वर तोंड करून. पहिल्यांदा चालू केला तर एका बाजूला वजन जास्त, सगळं टेबल चालायला लागलं. दुसऱ्या बाजूला वॉशर लावून बॅलन्स केलं. मग ठीक. स्पीड मात्र पंख्याच्या रेग्युलेटरवर, एक नंबरला पण जरा जास्तच आहे. मोटरची घूं येते मागे, ती आम्ही अंतराळ समजायची असं ठरलंय.

त्या गाण्यात बासरी आयोमीनेच वाजवलीय आणि शेवटचा पियानो इंजिनीअर टॉम ॲलमने. आमच्याकडे बासरी नाही, पियानो दादाची मुलगी शाळेतल्या कॅसिओवर वाजवणार. नववीत आहे, पप्पा हे काय झोपेचं गाणं म्हणाली, पण एका दुपारी बसवून दाखवलं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपती आले काल. सगळ्यांकडे दीड दिवस, पाच दिवस, शेड बंदच. आज फक्त तारा उतरवायला गेलो तर टोपी नंबर सहा डबीत नाही. खाली पडलेली, आणि कातडं कुरतडलेलं. सोल्यूशनचा वास आवडला असणार. रॅट सॅलड म्हणून गाणं आहे ना अल्बममध्ये, ते आता आमच्यासाठी वेगळंच झालं. दादाला फोन केला तर म्हणतो जाऊ दे रे, बाप्पाचं वाहन आहे, या आठवड्यात काही बोलू नकोस.

डेलरिनचा भाग शाबूत आहे, म्हणजे फक्त कातडं.

४ सप्टेंबर, गुरुवार

दापोडीचे काका गावाला गेलेत. दोन दिवस वाट बघितली, मग मीच बसलो. त्यांनी वरचे तुकडे दिले होते त्यातला एक. कडा तासायला ब्लेड घेतलं, पहिला तुकडा आरपार, दुसरा आरपार, तिसऱ्याला ब्लेड जवळजवळ आडवं धरायचं हे कळलं. टोपी नंबर सात, काकांच्या सहाच्या निम्मी पण नाही, पण वाजते. आणि अनामिकेच्या टोपीला मागून एक बारीक चीर दिली, पावसात बोट संध्याकाळपर्यंत सुजतं तेव्हा टोपी थोडी उघडते.

आता सगळ्या टोप्या औषधाच्या डबीत, सोमवार ते रविवार असे खण असतात त्या. सात गुरुवारच्या खणात.

११ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जन झालं, ड्रमर परत आला, दोन्ही तळहातांना फोड घेऊन. पण एक झालंय. मिरवणुकीत तासन् तास वाजवल्यावर असेल किंवा दमल्यामुळे असेल, हात सैल पडलाय. झोका आला! रॅट सॅलड पहिल्यांदा नीट वाटलं. हे तर सगळं बिल वॉर्डचंच, सॅबथ सुरुवातीला युरोपातल्या क्लबांमध्ये दिवसातून कितीतरी वेळा वाजवायचे आणि गाणी संपली की वेळ काढायला ड्रमचा सोलो ताणायचा. गणेश मंडळासमोर उभ्या राहिलेल्या पथकाला हे वेगळं सांगायला लागत नाही.

वॉर पिग्जचा शेवट अजून होत नाही. रेकॉर्डवर शेवटाला टेपच पळवलीय, वेग आणि सूर एकदम वर जाऊन गाणं फाटतं. ते बेन आणि ॲलमने केलं, बँडला न विचारता, नंतर त्यांना आवडलं. आम्ही हाताने वेग वाढवतो पण सूर कसा चढणार. दादा म्हणाला मी शेवटी सगळ्याच तारा जास्त दाबतो, जूनमध्ये दाबायचो तशा. करून बघितलं, चढतो थोडा. तेच ठेवलं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी साडेदहा ते एक, तीन वेळा. पहिल्यांदा इलेक्ट्रिक फ्युनरलला वाह पेडलची बॅटरी गेली. दुसऱ्यांदा लाईट गेली, आयर्न मॅनच्या मधे. तिसऱ्यांदा सगळं, ४२ मिनिटांची रेकॉर्ड, आमची ४७ मिनिटं झाली कारण हँड ऑफ डूममध्ये मी एक फेरी जास्त घेतली आणि ड्रमरने रॅट सॅलड सोडलंच नाही. फेअरीज वेअर बूट्सच्या सोलोत अनामिकेची टोपी निसटली आणि ॲम्पमागे गेली. दादा थांबला नाही, तीन बोटांवर पुरं केलं. पुन्हा ऐकलं तर तिथे फरक कळतो. दादा म्हणाला राहू दे.

दापोडीचे काका आलेत गावाहून, वहिनींनी दिलेला डबा त्यांना द्यायचाय. उद्या सेकंड शिफ्ट आहे म्हणून सकाळी जाईन. कातड्याचे अजून चार तुकडे मागायचेत आणि रापी विकत मिळते का तेही विचारायचंय.